एक डिटेल द्या

निरंजन रडायचा तेव्हा पाणी फक्त त्याच्या उजव्या डोळ्यात यायचं. डावा डोळा कोरडाच. अकरा वर्षं मी त्याच्या समोरच्या टेबलावर बसून टायपिंग केलं, म्हणून एवढं छातीठोक सांगते. बूट काढून, नुसत्या मोज्यांवर येरझाऱ्या घालत तो अशिलांच्या हकिकती इंग्रजीत सांगायचा आणि मी त्या टाइप करायची. सांगताना "ही बाई म्हणते" किंवा "हे गृहस्थ म्हणतात" असं तो चुकूनही म्हणायचा नाही. थेट "मी" म्हणायचा. सकाळी "मी, दोन मुलांची विधवा आई", दुपारी "मी, देवळातला पुजारी", संध्याकाळी "मी, हॉटेलात भांडी घासणारा इंजिनिअर". शपथपत्राची रीतच तशी आहे. ते ज्याचं त्याच्या तोंडून असावं लागतं, आणि सगळेच वकील ते तसं लिहितात. पण बाकीचे वकील काम संपलं की त्या "मी"मधून बाहेर पडून घरी जातात.

त्याचं आडनाव मी लिहिणार नाही. तो आता ब्रिटनमध्ये मंत्री आहे, आणि त्याचं नाव आणखी एका ठिकाणी छापून यावं अशी माझी मुळीच इच्छा नाही.

तो वाढला इंग्लंडात. कायदा शिकला लंडनला. बायको न्यू जर्सीची मराठी डॉक्टर मिळाली, म्हणून इकडे अमेरिकेत आला, न्यूयॉर्कची वकिलीची परीक्षा पास झाला आणि पार्सिपनीत इमिग्रेशनचं ऑफिस उघडलं. ऑफिस एका इंडियन ग्रोसरीच्या वर होतं, त्यामुळे आमच्या फाइलींना कायम हिंगाचा वास यायचा. माझी मुलं शाळेत जायला लागली होती, नवरा सकाळी सातला बाहेर पडायचा आणि मी घरात भिंतींशी बोलायला लागले होते. ग्रोसरीच्या काचेवर "टायपिस्ट पाहिजे, मराठी आवश्यक" अशी चिठ्ठी दिसली आणि मी तशीच, हातात कोथिंबिरीची पिशवी घेऊन, जिना चढले.

मुलाखतीत त्याने माझं शिक्षण विचारलं नाही. खुर्चीत पुढे झुकून म्हणाला, "वसुधाताई, तुम्ही अमेरिकेत उतरलात त्या दिवसातलं मला एक डिटेल द्या."

मी सांगितलं की कस्टमवाल्याने माझा प्रेशर कुकर उघडायला लावला, आणि आत टॉवेलात गुंडाळलेले देव निघाले. त्याने बाळकृष्ण उचलून विचारलं, हे खेळणं आहे का. मी घाबरून हो म्हणाले, आणि पुढचे चार दिवस देवाची माफी मागत होते.

निरंजनच्या उजव्या डोळ्यात पाणी आलं. "तुम्ही सोमवारपासून या," म्हणाला.

"एक डिटेल द्या" हे त्याचं पालुपद. अशील रडायला लागलं की तो अगदी प्रेमाने म्हणायचा, "रडा, रडा, पण एक डिटेल द्या. अधिकारी रोज शंभर दुःखं वाचतो. त्याला दुःख नकोय, त्याला भिंतीचा रंग पाहिजे." दुसरं एक वाक्य तो मला ऐकवायचा, "नुसतं खरं असून भागत नाही, वसुधाताई. खरं बसलं पाहिजे." बसलं म्हणजे अंगरखा बसतो तसं. त्याचं मराठी इंग्लंडातलं, आईकडून घेतलेलं, थोडं पुस्तकी आणि थोडं गमतीचं. एकदा एका आजोबांना म्हणाला, "मला तुमचं दुःख पाहिजे, आणि थोडक्यात नको." मी टेबलाखाली तोंड लपवून हसले होते.

नोकरी लागल्याला वर्षही झालं नसेल. त्याच्या घरच्या पार्टीत मी एका घोळक्यामागे उभी होते आणि मधोमध तो रंगात येऊन सांगत होता, "माझ्या सासूबाई पहिल्यांदा इथे आल्या ना, कस्टमवाल्याने त्यांचा प्रेशर कुकर उघडला..." बाळकृष्णही होता आणि खेळणंही होतं. मी नवऱ्याला कोपराने ढोसून म्हटलं, "अरे, ही माझी गोष्ट!" आणि आम्ही दोघं गाडीत बसेपर्यंत हसत होतो. तेव्हा मला त्यात गंमत वाटली होती. आता ते हसणं आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

तो वकील चांगला होता, हे मी नाकारणार नाही. पाय घसरेल अशा बर्फात तो नेवार्कच्या कोर्टात वेळेवर उभा असायचा. गोरगरिबांच्या केसेस सोडायचा नाही. अशील फराळाचं आणायचे, तो त्यांच्यासमोरच खायचा, बोटं चाटायचा आणि त्याच हाताने त्यांचा हात थोपटायचा. मला कसंतरी व्हायचं, पण लोकांना तो घरचा वाटायचा. त्याची आई एकदा दोन महिने राहायला आली होती. लंडनच्या इस्पितळात पॅथॉलॉजिस्ट, करकरीत बाई, मला फार आवडल्या. त्या ऑफिसात आल्या त्या दिवशी नेमकी माझी संकष्टी होती. अंड्याचं सँडविच खाता खाता त्या म्हणाल्या, "मी आयुष्यात एकच उपास केला, वसुधा. रक्त तपासायचं होतं म्हणून." हे वाक्य पुढे मला फार उपयोगी पडणार होतं, आणि मी ते नको तिथे वाया घालवलं.

आता सुमनमावशींबद्दल. हे त्यांचं खरं नाव नाही. हे सगळं लिहायची परवानगी त्यांनी दिली, तेव्हा "नाव तेवढं बदला" असं बजावलं होतं.

मावशी साताऱ्याकडच्या. नवरा वारलेला, आठ वर्षांची मुलगी मनीषा बहिणीकडे ठेवून त्या एका श्रीमंत भारतीय कुटुंबाबरोबर स्वयंपाकाला म्हणून अमेरिकेत आल्या. त्या कुटुंबाने त्यांचा पासपोर्ट काढून घेतला आणि त्यांना तळघरात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी झोपायला लावलं. घरी फोन करायचा तो मालकिणीसमोर, स्पीकरवर, "मी मजेत आहे" असं सांगायला. अशी चार वर्षं गेली. शेवटी शेजारच्या एका गोऱ्या बाईने पोलिसांना कळवलं. अशा माणसांसाठी इथे एक वेगळा व्हिसा असतो. तो मिळवायला आपली सगळी हकीकत शपथेवर लिहून द्यावी लागते. मिळाला तर मुलांनाही आणता येतं.

मावशी ऑफिसात आल्या त्या चकल्यांचा डबा घेऊन. बोलायला लागल्या त्या तीन दिवस बोलत होत्या. निरंजन चकल्या खात ऐकत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती गोष्ट सांगितली. अमेरिकेत आल्यावरची पहिली संकष्टी. मावशी मनीषासाठी दर महिन्याला उपास धरायच्या. बहिणीने बरोबर दिनदर्शिकेचं पान दिलं होतं, पण त्यातली चंद्रोदयाची वेळ गावाकडची, इकडे तिचा काय उपयोग? म्हणून चंद्र डोळ्यांनी बघूनच जेवायचं असं ठरवून त्या संध्याकाळी मागच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. बर्फ पडत होतं. मालकिणीने "नाटकं नकोत" म्हणून काचेचं दार आतून लावून घेतलं आणि घरातली सगळी त्या दाराच्या आत, मावशींना दिसेल असं, टेबलावर जेवायला बसली. जेवणं उरकेपर्यंत कुणी दार उघडलं नाही. चंद्र काही दिसलाच नाही. मावशी त्या रात्री उपाशी झोपल्या.

निरंजन चकली हातात धरून थांबला होता. "मावशी, अंगावर काय होतं तुमच्या? एक डिटेल द्या."

मावशी मान हलवून म्हणाल्या, "त्ये न्हाई सांगायची. त्येवढं माझं हाय."

मग त्याने मोजे घासत डिक्टेट करायला सुरुवात केली. "मी बर्फात उभी होते. माझ्या केसांवर बर्फ साचलं होतं. तो उपासाचा पवित्र दिवस होता..." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "काय म्हणतात त्याला?" त्या दिवशी माझी एकादशी होती. टेबलावर साबुदाण्याच्या खिचडीचा डबा उघडा होता. माझ्या बोटांनी "एकादशी" टाइप केलं. त्यालाही ते खटकलं नाही, त्याला कुठून खटकणार! नंतर मी मावशींना सगळं मराठीतून वाचून दाखवलं, तेव्हा तोंडाने मात्र आपोआप "संकष्टी" म्हणाले, त्यामुळे चूक मलाही दिसली नाही आणि त्यांनाही कळली नाही. त्यांनी सही केली. "हा अनुवाद बिनचूक आहे" अशा ओळीखाली मी माझी सही केली.

कागद गेल्यावर आठवड्याने चूक माझ्या लक्षात आली. अमेरिकन अधिकाऱ्याला एकादशी काय आणि संकष्टी काय, सारखंच. पण शपथेवरचा कागद, आणि खाली माझी सही. मी कुणालाच बोलले नाही. केस मंजूर होईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

केस मंजूर झाली. मनीषा पंधराव्या वर्षी आईकडे आली. आली ती रुसलेली. "तू तिकडे गाड्यांतून फिरत होतीस आणि मी मावशीकडे उष्टी काढत होते," हे तिने आईला एकदा नाही, शंभरदा ऐकवलं. मावशी ऐकून घ्यायच्या. तळघर, पासपोर्ट, पोलीस यांतलं पोरीला काही माहीत नव्हतं. पोरीच्या डोळ्यांत आपण बिचारी दिसू नये, म्हणून त्यांनी शपथपत्राची प्रतसुद्धा घरी नेली नव्हती. "सांगन मी तिला, ताई," त्या मला म्हणायच्या. "ती आई झाली का सांगन. माझ्या तोंडानं सांगन." निरंजननेही त्यांचा हात थोपटून सांगितलं होतं, "मावशी, ही गोष्ट तुमची. माझ्याकडे बंद पेटीत राहील."

मी नोकरीला लागल्याच्या अकराव्या वर्षी त्याचं लग्न मोडलं, वडील आजारी पडले आणि तो ऑफिस बंद करून लंडनला परत गेला. बहुतेक फाइली आम्ही कायद्याप्रमाणे मशीनमध्ये घालून फाडल्या. दोन खोकी मात्र त्याने स्वतःच्या गाडीत ठेवली. मी विचारलं, "ही कशाला?" तो म्हणाला, "मेमरीज, वसुधाताई."

पुढचं इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळत गेलं. निरंजन नगरसेवक झाला. निरंजन खासदार झाला. "आपला मराठी माणूस!" आणि खाली तीन-तीन तिरंगे. त्याची आई वारली, तेव्हा मी फोन केला. तो रडला. कुठल्या डोळ्याने ते फोनवर दिसलं नाही.

मग तो व्हिडिओ आला. नवा राज्यमंत्री निरंजन त्यांच्या संसदेत उभा होता. घरकामासाठी बाहेरून येणाऱ्या बायकांचे नियम कडक करायचे होते, आणि तो त्या बाजूने बोलत होता. म्हणाला, माझी आई शिकायला या देशात आली तेव्हा सुरुवातीला एका बड्या घरात राहून कामं करायची. एका संध्याकाळी बर्फात, केसांवर बर्फ साचलेलं, ती चंद्राची वाट बघत उभी होती, कारण तो उपासाचा पवित्र दिवस होता, एकादशी. घरच्यांनी काचेचं दार आतून लावलं आणि तिच्यासमोर जेवले. "माझ्या आईने तक्रार केली नाही," तो म्हणाला. "ती कोणाच्या दारात कायदा मागायला गेली नाही. ती उभी राहिली. या देशाला अशी माणसं हवी आहेत." आणि उजव्या डोळ्याला बोट लावलं.

मी भाजी चिरत होते. सुरी ठेवली आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. ती बाई कायदा मागायला गेली होती, म्हणून वाचली होती! ज्या कायद्याने तिला सोडवलं, तसलाच कायदा आवळायला हा तिचीच गोष्ट वापरत होता. आणि आईसुद्धा अशी निवडली की आता उठून सांगणार नाही, वर्षंही अशी निवडली की कुणाला तपासता येणार नाहीत. वकील तो वकीलच. पण त्याने मालाबरोबर माझी चूकही उचलली होती. एकादशीला चंद्राची वाट कोण बघतं? जिच्या घरात हा उपास असतो त्या घरातलं पाच वर्षांचं पोर हे बोलणार नाही.

तासाभरात मनीषाचा फोन. ती आता एका इस्पितळात एक्स-रे विभागात काम करते, तिला वर्षाची मुलगी आहे. "काकू, तो व्हिडिओ बघितलात? आय वॉज सॉबिंग, लिटरली. मी आईला पण दाखवला. म्हटलं, बघ, किती सोसलं त्या बाईने मुलासाठी!"

"आई काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही. बेबीला घेऊन वर गेली."

त्या गणपतीत तो आला. अमेरिका दौऱ्यावर होता, मंडळाने सत्कार ठरवला. मला त्याचा स्वतःचा फोन, "वसुधाताई, तुम्ही पहिल्या रांगेत. नो एक्स्क्युजेस." जाणार नव्हते, पण मावशी जाणार होत्या. गेली कित्येक वर्षं मंडळाचे मोदक त्याच करतात, आणि त्यांना मी एकटीला सोडणार नव्हते. "त्यो वळखंल का मला?" गाडीत त्यांनी एवढंच विचारलं.

शाळेच्या सभागृहाबाहेर मोदकांचं टेबल होतं. निरंजन हात जोडत, फोटो काढत तिथे आला. मनीषा पुढे झाली. "सर, तुमच्या आईची स्टोरी ऐकून मी खूप रडले. कॅन वी टेक अ सेल्फी? ही माझी आई. मोदक हिनेच केलेत." मावशींनी त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं. त्याने मोदक उचलला, अख्खा तोंडात टाकला, बोटं चाटली आणि त्या हाताने मावशींचा हात थोपटला. "वा मावशी! अगदी माझ्या आईच्या हातची चव."

त्याने ओळखलं नव्हतं. मी त्याचा चेहरा वाचण्यात अकरा वर्षं काढली आहेत. ओळखून ढोंग केलं असतं तर मला तो निदान घाबरलेला तरी दिसला असता. तीन दिवस तो या बाईच्या समोर बसला होता, तिच्या चकल्या खाल्ल्या होत्या, तिची गोष्ट तोंडपाठ केली होती, आणि तेवढी बाई गाळली होती.

सत्काराआधी त्याला शाळेच्या संगीताच्या खोलीत बसवलं होतं. मी आत गेले आणि दार लावलं.

"मोदक कुणाचे खाल्लेस, माहीत आहे?"

"ती मावशी? स्वीट लेडी."

"ती सुमनमावशी आहे."

तो आठवायला लागला. मग म्हणाला, "तळघरवाली केस?"

"तिची गोष्ट तू तुझ्या आईच्या नावावर खपवलीस. लाज नाही वाटली?"

तो जवळ आला. आवाज खाली आणला, तो कोर्टातला आवाज. "वसुधाताई, जपून बोला. ती फाइल कॉन्फिडेन्शियल आहे. ती कोणाची हकीकत होती हे तुम्ही बाहेर बोललात, तर गुप्ततेचा ब्रीच तुमच्याकडून होईल. माझ्याकडून नाही." मग एकदम दुसरा आवाज, अशिलांसाठी ठेवलेला. "आणि तिचं नुकसान काय झालं, मला सांगा ना. कोण ऐकणार होतं तिचं? आज सगळं जग ऐकतंय. आय गेव्ह हर अ व्हॉइस."

माझं डोकंच फिरलं. "आवाज दिलास? अरे गाढवा, एकादशीला कुणी चंद्राची वाट बघतं का! तुझ्या आईने आयुष्यात एकच उपास केला, तो रक्त तपासायला! हे तिनेच मला सांगितलंय. खरंच उपास धरणारी असती तर तुला एवढं तरी कळलं असतं!"

त्याला वाईट वाटेल, तो खजील होईल, असं मला वाटलं होतं. त्याने खिशातून पेन काढलं. हातातल्या भाषणाचा कागद उलगडला. "एकादशी नाही? मग कोणता दिवस?"

"संकष्टी," मी म्हणाले.

अकरा वर्षं हा माणूस माझ्याकडे वळून "काय म्हणतात त्याला?" विचारायचा आणि मी सांगायची. तोंडातून शब्द गेला, त्याने लिहूनही घेतला, तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. त्याच्याविरुद्ध जगात एकच पुरावा होता, आणि तो मी स्वतःच्या तोंडाने दुरुस्त करून दिला. "थँक्यू, वसुधाताई," तो म्हणाला. "तुम्ही नेहमीच डिटेलच्या पक्क्या."

अर्ध्या तासाने स्टेजवर त्याने सांगितलं, "तो संकष्टीचा दिवस होता." उच्चारसुद्धा स्वच्छ. सभागृहातल्या आज्या-काकूंनी डोळे पुसले. मला स्टेजवर बोलावून त्याने "माझ्या यशाची पहिली साक्षीदार" म्हणून गुलाबाचं फूल दिलं. ते मी पार्किंगमधल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आणि हाताला त्याचा हात लागला होता म्हणून घरी जाऊन साबणाने दोनदा हात धुतले.

तीन आठवड्यांनी मावशी माझ्याकडे आल्या. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या, चहाला हात लावला नाही.

"सांगितलं मी तिला," त्या म्हणाल्या. "समदं सांगितलं. तळघर, पासपोर्ट, बर्फ. पहिल्यापासनं."

"मग?"

"तिनं माझा हात धरला. म्हनली, आई, ही त्या मंत्र्याच्या आईची गोष्ट हाय. तू त्यो व्हिडिओ सारखा बघतीस, म्हनून तुला ती तुझीच वाटायला लागली. म्हनली, या वयात व्हतं असं. डॉक्टरची वेळ घेतलीया तिनं, माझा मेंदू तपासायला."

मावशी रडल्या नाहीत. रडले मी. इतकी वर्षं जपून ठेवलेली गोष्ट सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ती आधीच दुसऱ्याची झालेली होती. त्याने त्यांचं काय नेलं हे मला त्या दिवशी पुरतं कळलं. मी गाडीची किल्ली घेतली.

मनीषा घरीच होती. मी तिला म्हटलं, "माझ्या फोनमध्ये त्याचा पहिला व्हिडिओ अजून आहे. तो ऐक." तिने ऐकला. "तो काय म्हणाला? कोणता दिवस?"

"एकादशी," ती म्हणाली. मग कपाळाला आठ्या. "बट दॅट्स राँग. चंद्र तर संकष्टीला..."

"ती चूक त्याची नाही, माझी आहे. तुझ्या आईच्या शपथपत्रात मी ती केली. त्या दिवशी माझ्यासमोर खिचडीचा डबा होता, म्हणून केली. त्याने कागद वाचून पाठ केला आणि चूक तशीच घेतली." आणि मी सगळं सांगितलं, कुकरपासून. नोकरी, सही, माझं गप्प बसणं, संगीताच्या खोलीतलं माझं शहाणपण. ब्रीच होणार असेल तर होऊ दे, म्हटलं. मावशी माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्यांची मान होकाराची होती.

मनीषाने तो व्हिडिओ आणखी दोनदा ऐकला. तिचा अजून पुरता विश्वास बसला नव्हता, ते दिसत होतं. मग ती आईकडे वळली आणि अगदी लहान मुलीसारखं विचारलं, "आई, तू तेव्हा काय घातलं होतंस?"

मावशींनी सांगितलं. जे त्यांनी तीन दिवसांत निरंजनला सांगितलं नव्हतं, ते तिला एका वाक्यात सांगितलं.

मनीषा उठून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली ती ते हातात घेऊनच. आईने ते इतकी वर्षं का टाकू दिलं नाही, हे तिला कधी कळलं नव्हतं. ती आईच्या पायाशी जमिनीवर बसली आणि तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी बाहेर येऊन गाडीत बसले.

गेल्या संकष्टीला मनीषाचा फोन आला. "काकू, आज पार्सिपनीत मूनराइज किती वाजता आहे? आई जेवायची थांबलीय." मी वेळ सांगितली. ती म्हणाली, आम्ही दोघी मागच्या डेकवर उभ्या आहोत, बेबी पण आहे, दार उघडंच ठेवलंय.

आणि परवा निरंजनचा मेसेज. जसं काही घडलंच नाही. तो आत्मचरित्र लिहितो आहे, पहिलं प्रकरण आईवर. शेवटी लिहिलं होतं, "वसुधाताई, त्या संकष्टीला तिच्या अंगावर काय होतं? यू मस्ट नो. एक डिटेल द्या."

मला माहीत आहे. मी ते त्याला कळवलेलं नाही, आणि इथेही लिहिलेलं नाही.